अँप्लिफायरच्या पाठीवरचा पंखा

मित्रांनो, मी एक जुना पंखा आहे. लगेच मान वर करून छताकडे बघू नका, तिथे लटकतो तो आमच्या घराण्यातला थोरला. मी तळहातावर मावेन एवढाच आहे. काळी चौकोनी चौकट, तिच्यात सात पाती, आणि मागे दोन वायरी, एक लाल, एक काळी. ऊर्जानगर या वीज केंद्राच्या वसाहतीत एका क्वार्टरमध्ये गाणी वाजवायचा एक अँप्लिफायर आहे, त्याच्या पाठीवर चार स्क्रूंनी मला बसवलेलं आहे. समोरून पाहणाऱ्याला माझं नखही दिसत नाही. पण म्हणून मी गप्प बसावं असं थोडंच आहे? माझा स्वभाव मुळातच चौकस. कुठे काय चाललंय ते कळल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि पंख्याला तर उभ्या जन्मात बसायची परवानगीच नसते.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या पोटावरच्या चिकटपट्टीवर छापलेलं होतं. ती पट्टी अर्धी खरवडली गेली आणि जन्मगावाचा भागच नेमका गेला, 'बारा व्होल्ट' तेवढं उरलं. चौकटीच्या कडेला मात्र दोन बाण कोरलेले आहेत, राईच्या दाण्याएवढे. पाती कोणत्या बाजूला फिरतात ते एक बाण सांगतो, आणि हवा कोणत्या बाजूला जाते ते दुसरा. कारखान्यातल्या लोकांना वाटलं असणार की बाण काढले म्हणजे आपलं काम संपलं, पुढे जगात सगळे बाण पाहूनच चालतात. जग तसं नसतं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

माझी पहिली नोकरी नागभीडला डोमाभाऊंच्या फोटो स्टुडिओत होती. त्यांच्या कॉम्प्युटरच्या पेटीत मी फिरायचो. बाहेर लग्नसराईची गर्दी, नवरदेवांचे फोटो गोरे करणं चाललेलं, आणि मी आत अंधारात नुसता आवाजांवरून अंदाज बांधत असायचो. स्टेशन जवळच होतं. गाडी आली की पेटी थरथरायची, आणि ही माणसं एवढी कुठे जातात याचा मी विचार करत राहायचो. डोमाभाऊ मोठ्या तोऱ्यात गिऱ्हाइकांना सांगायचे, "माह्या कॉम्प्युटरचा आवाजच येत नाई." ती माझी स्तुती होती बरं का. पंख्याचं नशीबच असं असतं की तो ऐकू आला नाही तर चांगला, ऐकू आला तर बिघडला.

मग डोमाभाऊंनी लॅपटॉप आणला आणि आमची पेटी खाटेखाली गेली. तिच्यावर आधी जुने अल्बम आले, मग कांद्याची पाटी आली, मग एक मांजर येऊन व्याली. पावसाळा-हिवाळा असा किती काळ गेला कोण जाणे, पाती न फिरवता दिवस मोजता येत नाहीत. शेवटी भंगारवाला आला, आणि त्याच्याकडून फिरत फिरत मी ऊर्जानगरच्या गेटाबाहेर लोकेशच्या रिपेरिंगच्या दुकानात पोचलो. तिथे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात माझ्यासारखे पुष्कळ पंखे पडले होते. कुणाचं पातं तुटलेलं, कुणाची वायर उंदरानं खाल्लेली. रोज झाकण उघडलं की सगळे माना वर करायचे आणि लोकेशला हवा असलेला खिळा सापडला की झाकण बंद व्हायचं. मला तेव्हा फार वाईट वाटायचं. मी चांगला होतो, मला फिरता येत होतं, पण ते सांगणार कुणाला?

एक दिवस हरिदासभाऊ आले. मोटरसायकलच्या मागच्या सीटवर चादरीत गुंडाळून, रबरी ट्यूबनं आवळून त्यांनी अँप्लिफायर आणला होता.

"जय भीम, भाऊ. काय झालं याले?" लोकेश म्हणाला. हरिदासभाऊंनी त्याच्या ओठांकडे बघितलं, कानाला हात लावला, आणि लोकेशनं तेच पुन्हा मोठ्यानं विचारलं.

"थोडा वेळ चालते, मंग खट करून बंद पडते. वरून हात लावला तं तव्यावानी गरम."

लोकेशनं पेचकसानं झाकण उघडलं आणि आत असलेल्या पंख्याला बोटानं ढकललं. तो हलला नाही. धूळ आणि तेल यांचा काळा लगदा त्याच्या कण्यात बसला होता. डब्याचं झाकण उघडंच होतं, मी कडेवरून हे सगळं पाहत होतो. तो माझ्याच मापाचा होता.

"पंखा जाम झाला, भाऊ. मशीन शहाणी हाये, लई गरम झाली की स्वतःच बंद पडते, नाई तं जळून गेली असती. पन आता हे ठेवता कायले? मुठीएवढा ब्लूटूथ स्पीकर येते आता. देऊन टाका हे भंगारात."

एवढं मात्र हरिदासभाऊंना दुसऱ्यांदा न सांगता कळलं. भंगार हा शब्द ओठांवरून चटकन वाचता येत असावा. त्यांनी अँप्लिफायरवर आडवा हात ठेवला. "हे नाई देत मी. माह्या पोरीचा आवाज याच्यातूनच येते."

लोकेश हसला नाही. त्यानं पत्र्याचा डबा उपडा केला, मला उचललं, फुंकर मारली, बॅटरीला वायरी लावल्या. मित्रांनो, त्या क्षणाचं काय सांगू! मी असा काही भिरभिरलो की टेबलावरचे कागद उडाले.

"उद्या या, बसवून ठेवतो," लोकेश म्हणाला.

"पंखे बसवन्यात माही जिंदगी गेली, मीच बसवतो."

"बसवा ना, भाऊ. पन तुमचा तिकडचा पंखा घराएवढा, हा जराक लहान हाये."

हरिदासभाऊंना हे ऐकू आलं नाही. त्यांनी मला शर्टाच्या खिशात घातलं आणि गाडीला किक मारली.

आता हरिदासभाऊंबद्दल सांगतो. मला हे त्यांच्याच घरातल्या बोलण्यातून तुकड्यातुकड्यानं कळलं. ते वीज केंद्रात एफडी फॅनवर होते. हा पंखा भट्टीत हवा ढकलतो, आणि हवा मिळाली की कोळसा धडाडून पेटतो. त्याच्या जोडीला दुसरा असतो, आयडी फॅन. तो भट्टीतला धूर ओढून धुराड्याकडे पाठवतो. हरिदासभाऊंची सगळी उमेद पहिल्याच्या सेवेत गेली. कानात घालायची बोंडं त्यांना मिळालेली होती, साहेब रोज रागवायचे, पण ती कायम त्यांच्या खिशात असायची. त्यांचं म्हणणं, कान बंद केले तर बेअरिंगची तब्येत कशी कळेल? नुसत्या आवाजावरून कोणतं बेअरिंग कधी बसणार ते सांगायचे ते. अशी कितीतरी बेअरिंगं त्यांनी वाचवली, आणि स्वतःचे कान तेवढे गमावले.

कान एकदम जात नाहीत. आधी चिमण्या गेल्या, मग कुकरची शिट्टी, मग बायकामुलांचे बारीक आवाज. जाडेभरडे आवाज तेवढे उरले. खात्यानं त्यांना स्टोअरमध्ये बदली दिली. शिबिरात कानाचं यंत्र मिळालं, पण त्यात भांडी, कुत्री, शेजाऱ्यांची भांडणं सगळं एकदम कानात घुसायचं, म्हणून ते डबीत जाऊन बसलं. त्यांची बायको साधनाबाई मुळातच बारीक आवाजाच्या. ओरडून बोलल्या की शेजारी विचारायचे, काय भांडण झालं काय? म्हणून हळूहळू त्यांनी खुणांवर भागवायला सुरुवात केली. पेला दाखवला की चहा, दोन बोटं फिरवली की बाजार, कपाळावर हात मारला की काय तो तुमचा तुम्ही अर्थ काढा. संसार सुरळीत चालला होता. फक्त त्याचा आवाज बंद होता.

त्यांची मुलगी नूतन चामोर्शीला नर्स आहे. फोनवर तिचं बोलणं हरिदासभाऊंना कळायचं नाही, साधनाबाईच बोलायच्या आणि मग खुणेनं 'सगळं ठीक' असं सांगायच्या. एक दिवस हरिदासभाऊ फोनला वायर लावून अँप्लिफायरवर भीमगीतं ऐकत होते, आवाज पूर्ण वर, बारीक आवाजाचं बटणही पूर्ण फिरवलेलं. मध्येच नूतनचा फोन आला. गाणं थांबलं, साधनाबाईंनी फोन उचलला आणि दोन मोठ्या स्पीकरांतून तिचा आवाज घरभर आला, "आई, बाबा जेवले का?" हरिदासभाऊ ताडकन उठले. ब, ज, क, सगळी अक्षरं वेगवेगळी ऐकू आली होती त्यांना. "जेवलो!" ते ओरडले, आणि पलीकडे नूतन रडायलाच लागली.

तेव्हापासून बापलेकीचं बोलणं या अँप्लिफायरवरून व्हायला लागलं. सगळ्या चाळीला नूतनची पाळी कोणत्या वॉर्डात आहे ते ठाऊक असायचं. पुढे नूतनला मुलगी झाली, दिव्यानी. हरिदासभाऊंनी तिला मांडीवर घेतलं तेव्हा ती रडत होती. तोंड उघडं, चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, आणि आवाज मात्र त्यांच्यापर्यंत येत नव्हता. त्यांनी तिला लगेच साधनाबाईंकडे दिलं आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आता दिव्यानी बोबडं बोलायला लागली होती. तो आवाज त्यांना ऐकायचा होता, आणि नेमका त्याच दिवसांत अँप्लिफायर तापायला लागला होता. बाळं काही हुकमावर बोलत नाहीत. फोन जोडून, आवाज वर ठेवून वाट पाहावी लागते, आणि वाट पाहायला लागलं की खट!

तर त्या घरात मी आलो तो या कामासाठी. एवढी मोठी जबाबदारी मला आजवर कुणी दिली नव्हती.

हरिदासभाऊंनी मला बसवताना जी माया केली, ती मी विसरणार नाही. ब्रशनं माझं एकेक पातं साफ केलं. लालला लाल, काळीला काळी वायर जोडून वर चिकटपट्टी गुंडाळली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बारीक गोल तुकडे कापून प्रत्येक स्क्रूखाली ठेवले, म्हणजे माझी थरथर पेटीला लागू नये. मग मला उलटंसुलटं करून पाहिलं. बाणही पाहिला, हे मी छातीठोकपणे सांगतो. क्षणभर थांबले, आणि माझं तोंड आतल्या बाजूला करून मला घट्ट आवळून टाकलं.

"पंख्याचं काम काय? हवा आत ढकलनं," ते साधनाबाईंना म्हणाले. साधनाबाईंनी मान हलवली. एवढी वर्षं एफडी फॅन सांभाळलेल्या माणसाला पंखा शिकवणार कोण?

आणि मी? मला काय, वीज आली की फिरायचं. मी जीव तोडून हवा आत ढकलू लागलो. पण आत ढकललेली हवा जाणार कुठे? तापलेली हवा वरच्या जाळीतून निघायला पाहत होती, आणि जाळीवर साधनाबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरला होता, धूळ जाऊ नये म्हणून, कडेनं घट्ट खोचून. गरम हवा आतल्या आत घुटमळत राहिली. मी तीच तीच हवा घुसळत होतो.

संध्याकाळी नूतनचा फोन आला.

"बाबा, आता चालून राह्यलं का?"

"चालते, चालते! दे तिले, दे."

"दिवू, आबाशी बोल. आबा म्हन. आत्ता बोलत होती, बाबा, फोन दिसला की गप्पच होते. दिवू, बोल ना... हां, हां, पाहा, बोलते..."

खट.

हरिदासभाऊ फोनकडे पाहत राहिले, मग अँप्लिफायरकडे. साधनाबाईंनी अंगठा आणि बोटं नाचवून विचारलं, काय झालं? त्यांनी अँप्लिफायरवर हात ठेवून चटकन मागे घेतला. मला भीती वाटली. आता ते मला काढून पुन्हा डब्यात टाकतील असं मला वाटलं, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त वाईट त्यांच्या चेहऱ्याचं वाटत होतं.

पण हरिदासभाऊ चिडणाऱ्यांतले नव्हते. त्यांना कोडं पडलं होतं. "पंखा फिरून राह्यला का पाय बरं," ते म्हणाले. त्यांना माझा आवाज येत नव्हता ना! साधनाबाईंनी कान लावला आणि हवेत बोट गोल फिरवलं. फिरतो. मग त्यांनी वायर तपासली, व्होल्ट मोजले, स्टोअरमधल्या एकाला विचारलं, दुपारी झाकण उघडून माझ्यासमोर बसून राहिले. माझ्या चौकटीच्या कडेवर तो बाण होता. ओरडता आलं असतं तर ओरडलो असतो, तेही त्यांना ऐकू गेलं नसतं म्हणा.

उलगडा झाला तो अगदी अचानक. संध्याकाळी साधनाबाई बुद्धांच्या मूर्तीपुढे वंदना करतात. त्या दिवशी फळीवर नवं घड्याळ ठेवलं होतं, म्हणून अगरबत्तीचा स्टँड त्यांनी बाजूला, अँप्लिफायरच्या मागे सरकवला. हरिदासभाऊ भीमगीतं लावून बसले होते, मी फिरत होतो. थोड्या वेळानं साधनाबाईंनी सहज वळून पाहिलं तर अँप्लिफायरच्या बटणांच्या फटींतून धूर येत होता. रुमालाच्या जाळीतूनही धूर.

"अजी! जळलं! मशीन जळली!" त्या ओरडल्या, एका हातानं बटण बंद केलं, दुसऱ्या हातानं नवऱ्याला खेचून लांब नेलं. पाण्याचा तांब्या उचलला तेवढ्यात हरिदासभाऊंनी त्यांचा हात धरला. ते नाक वर करून वास घेत होते.

"थांब. चंदनाचा वास येऊन राह्यला."

साधनाबाई तांब्या धरून तशाच उभ्या.

"मशीन जळली तं वायर जळल्याचा वास येईन. चंदनाचा काऊन येईन?" ते अँप्लिफायरच्या मागे गेले, वाकून पाहिलं. तिथे अगरबत्ती शांतपणे जळत होती. डोळे बारीक करून त्यांनी बटण पुन्हा चालू केलं. मी फिरू लागलो, आणि सरळ वर जाणारा धूर वळून सरसर माझ्याकडे आला, मी तो गिळला, आणि तो आत जाऊन फटीफटीतून बाहेर पडायला लागला.

हरिदासभाऊ बराच वेळ ते पाहत होते. एकदा अगरबत्ती वर केली, एकदा खाली. मग एकदम जमिनीवर बसले आणि हसायला लागले. असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

"अवं साधना, आग पेटवाची असन तं हवा आत ढकला लागते. इथी आग पेटवाची हाये का? इथी तं गरमी बाहेर काढाची हाये! इथी आयडी फॅन पायजे, आन् मी एफडी बसवून राह्यलो!"

साधनाबाईंना त्यातलं आयडी-एफडी किती कळलं माहीत नाही, पण त्यांनी कपाळावर हात मारला. त्याचा अर्थ मात्र सगळ्यांना कळला.

पेचकस आला. मला सोडवलं, फिरवलं, तोंड बाहेर केलं. रुमालावरून जरा वाद झाला. साधनाबाईंनी हातांनी दाखवलं, एवढी धूळ येते, काढायचा नाही. हरिदासभाऊ म्हणाले, बंद असताना ठेव, चालू असताना उचल. ते ठरलं. मग त्यांनी माझ्यासमोर तळहात धरला, आणि मी अँप्लिफायरच्या पोटातली सगळी उष्ण हवा त्यांच्या हातावर सोडली.

"हं," ते म्हणाले. "आता कसा बोलला!"

मित्रांनो, कानानं ऐकू न येणाऱ्या माणसानं मला हातानं ऐकलं. डोमाभाऊंच्या सगळ्या स्तुतीपेक्षा मला हा 'हं' मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी नूतनला सुट्टी होती. तिचा फोन दिवसाउजेडी आला. दिव्यानी नेहमीप्रमाणे फोन पाहून गप्प.

"राहू दे," हरिदासभाऊ म्हणाले. "तिच्या मांगं नको लागू. फोन तिथीच जमिनीवर ठेव, तू तुहं काम कर. मी बसतो इथी."

"किती वेळ, बाबा?"

"आता मशीनले काई होत नाई."

नूतननं फोन ठेवला आणि ती कामाला लागली. मग चामोर्शीचं ते घर आमच्या खोलीत ऐकू येऊ लागलं. वाटी पडली, ती गोल फिरत थांबली. नळाला पाणी आलं. कुणीतरी बकेट सरकवली. हरिदासभाऊ डोळे मिटून एकेक आवाज ओळखत होते, पूर्वी बेअरिंगं ओळखायचे तसे. "कोंबडी हाये आंगनात. एक नाई, दोन." साधनाबाई तांदूळ निवडत शेजारी बसल्या होत्या, त्यांनी दोन बोटं दाखवली, बरोबर. अँप्लिफायर तापत होता, मी गरम हवा बाहेर काढत होतो. तो तापवायचा, मी काढायचो. मला माझ्या पात्यांचा अभिमान वाटत होता, आणि त्याच वेळी आतून एकच धास्ती होती, खट होऊ नये.

आणि मग अगदी फोनजवळ, अगदी बारीक, घंटीसारखा आवाज आला, "को. को को को. ये. ये को को."

हरिदासभाऊंनी डोळे उघडले. दिव्यानी कोंबड्यांना बोलावत होती. आबा नाही, आई नाही, कोंबड्या! ती बोलत राहिली, मध्येच हसली, फोन उचलून तोंडात घातला असावा, कारण एकदम लपलप असा मोठा आवाज आला आणि साधनाबाई हसून हसून तांदळावर वाकल्या. नूतननं फोन हिसकावून घेतला, "बाबा, आयकू आलं का?" हरिदासभाऊ फोनवर वाकले. त्यांनी नुसतं "हो, माय, हो," म्हटलं.

फोन बंद झाला. हरिदासभाऊ साधनाबाईंकडे वळले.

"तिचा आवाज नूतनसारखा नाई. तुह्यासारखा हाये." मग म्हणाले, "म्हंजे, तुहा होता तसा. आता मले नीट याद बी नाई."

साधनाबाईंचा हात वर आला, काहीतरी खूण करायला, आणि तसाच राहिला. त्यांना खूण सापडली नाही. तांदूळ निवडायचं सूप बाजूला ठेवून त्या उठल्या, स्वतःचा फोन घेतला आणि स्वयंपाकघरात गेल्या. हरिदासभाऊंचा फोन अजून वायरीला होताच. तो वाजला. त्यांनी उचलला मात्र, आणि स्पीकरांतून अशी कर्कश शिट्टी निघाली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं. दोन फोन एका घरात जवळजवळ बोलायला लागले की तसं होतं. फोन कटला. मला मागचं दार उघडल्याचं आणि लावल्याचं ऐकू आलं. साधनाबाई परसात गेल्या होत्या, पार सीताफळाच्या झाडापर्यंत.

फोन पुन्हा वाजला.

"हॅलो, नूतन?"

पलीकडे कुणीच बोलेना. नुसता श्वास. आमच्या दोन्ही स्पीकरांतून, सगळ्या खोलीभर, एका बाईचा श्वास ऐकू येत होता.

"मी होय," आवाज आला. बारीक, गोड, जरासा घाबरलेला. "आयकू येते का जी?"

हरिदासभाऊ उभे राहिले. कुठे पाहावं त्यांना कळेना. कधी स्पीकरकडे, कधी बंद दाराकडे.

"येते. बोल. बोल ना, साधना."

"काय बोलू? मले काई सुचूनच नाई राह्यलं." पुन्हा श्वास. मग एकदम धरण फुटावं तसं सुरू झालं. "तुमच्या बनियनले भोक पडलं हाये. किती दिवसाचं सांगून राह्यली मी, तुमी तेच घालता. आन् गोळी तुमी खाऊन नाई राह्यले, मले मालूम हाये, उशीखाली सापडल्या. आन् रातच्याले तुमी लई जोरानं घोरता, मी कवाच सांगतलं नाई, कसं सांगू, घोरन्याची खून कशी करू?"

हरिदासभाऊ खुर्चीवर बसले. दोन्ही हातांनी फोन धरला. त्यांच्या गालांवरून पाणी येत होतं आणि ते हसत होते.

"अजी? कटला का?"

"नाई, नाई. बोलत राहा तू. बनियनचं पुन्हा सांग."

मी फिरत होतो. अँप्लिफायर भरपूर तापला होता, पण मी त्याला बंद पडू देणार नव्हतो, काही झालं तरी. आजवर सगळ्यांना वाटत होतं की ही पेटी दूरच्या लेकीसाठी आहे. दोन हातांवर बसलेल्या माणसाचा आवाजही तिच्यातून येऊ शकतो, हे त्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि माझ्यासारख्या चौकस पंख्याच्याही नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरात टीव्हीमागे, कॉम्प्युटरमागे, कुठल्यातरी पेटीच्या पाठीवर माझा एखादा भाऊबंद असेलच. वीज बंद करून महिन्यातून एकदा त्याची जाळी कोरड्या ब्रशनं पुसा. त्याच्यावर रुमाल, वह्या, मांजर काही ठेवू नका. तो थकला आणि नवा बसवायची वेळ आली, तर बाण नीट वाचा. तुम्ही कितीही मोठ्या पंख्यावर काम केलेलं असलं तरी.

आणि एक मागणं आहे. ज्या घरात कुणाला कमी ऐकू येतं, तिथे खुणांवर भागवून मोकळे होऊ नका. जवळ जा, तोंडासमोर बोला, दुसऱ्यांदा बोला, कंटाळा न करता तिसऱ्यांदा बोला. काय बोलावं म्हणून अडू नका. बनियनच्या भोकाबद्दल बोललात तरी ते माणूस ते पुन्हा ऐकायला मागेल.